नाळ नसलेली माणसे
(मनाच्या यंत्रांतराविषयीच्या दोन कादंबऱ्यांच्या निमित्ताने)

माणसाचे मन म्हणजे त्याच्या मेंदूतील जोडण्यांची एक विशिष्ट रचना होय. ती रचना सर्व बारकाव्यांनिशी उतरवून घेऊन संगणकात उभी करता आली, तर शरीर संपल्यावरही तो माणूस जगत राहील, ही कल्पना आता केवळ वैज्ञानिक कादंबरीची मिरास राहिलेली नाही. शास्त्रज्ञ तिच्यावर ग्रंथ लिहितात, धनिक तिच्यासाठी पैसा ओततात आणि वृत्तपत्रे तिच्या बातम्या छापतात. इंग्रजीत तिला 'माइंड अपलोडिंग' म्हणतात. मराठीत तिला 'मनाचे यंत्रांतर' म्हणावे असे मला वाटते. देहांतर, धर्मांतर, स्थलांतर या शब्दांच्या पंगतीत तो शब्द सहज बसतो, आणि प्रत्येक अंतरात काहीतरी मागे सोडावे लागते याचीही आठवण करून देतो.

या कल्पनेचे सर्वांत ठसठशीत चित्र कार्नेगी मेलन विद्यापीठातील यंत्रमानवशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंड चिल्ड्रन' या पुस्तकात रेखाटले आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावरचा रुग्ण जागा आहे. यंत्रमानव असलेला शल्यविशारद त्याच्या मेंदूचा एक पातळ थर तपासतो, त्या थराचे कार्य संगणकात हुबेहूब उभे करतो, काही फरक पडला का हे रुग्णाला पडताळून पाहू देतो आणि मग तो थर काढून टाकतो. असे थरामागून थर जातात. शेवटी कवटी रिकामी होते, रुग्णाचे मन यंत्रात सुखरूप असते आणि मेजावर उरलेला देह निष्प्राण होतो. रुग्णाला नवे, चकचकीत शरीर मिळते. या प्रसंगात मला सर्वांत विलक्षण वाटते ती मेजावरच्या त्या प्रेताविषयीची बेफिकिरी. त्याला निरोप देणारे तेथे कोणी नाही. ते कोणाचे प्रेत आहे, हा प्रश्नही कोणी विचारीत नाही. आणि पुस्तकाच्या शीर्षकात मात्र 'मुले' हा शब्द आहे. ही मुले आपल्या मनाची असतील, पण ती कोणाच्या पोटी येणार नाहीत.

विज्ञान यापासून किती दूर आहे, हे थोडक्यात पाहू. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीच्या अवघ्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा आराखडा १९८६ साली प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या प्रौढ मेंदूचा संपूर्ण नकाशा यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. त्यात सुमारे १,४०,००० चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या आहेत. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यातील एका घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या आढळल्या. नकाशा हाती असूनही त्या कृमीचे साधे जीवन संगणकात पूर्णपणे उभे करता आलेले नाही. परंतु 'हे आज जमत नाही' हे समीक्षकाचे उत्तर होऊ शकत नाही. उद्या जमले तर काय, हाच खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न प्रयोगशाळेच्या आधी कादंबरीकारांनी विचारला आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोघांच्या कृतींचा विचार करावयाचा आहे: आर्थर सी. क्लार्क यांची 'द सिटी अँड द स्टार्स' (१९५६) आणि ऑस्ट्रेलियन लेखक ग्रेग ईगन यांची 'पर्म्युटेशन सिटी' (१९९४).

२

क्लार्क यांची कादंबरी आजपासून अब्जावधी वर्षांनंतरच्या पृथ्वीवर घडते. वाळवंटाने वेढलेले डायास्पार हे एकमेव शहर उरले आहे. त्याच्या स्मृतिकोशात प्रत्येक नागरिकाचे मन आणि शरीर यांचा आराखडा जतन केलेला आहे. निर्मितिगृहातून माणूस जवळजवळ पूर्ण वाढलेल्या देहानिशी बाहेर येतो. काही वर्षे पालक त्याचा सांभाळ करतात. विशीच्या सुमारास त्याला पूर्वायुष्यांच्या आठवणी येऊ लागतात. सुमारे हजार वर्षे जगल्यावर तो आपल्या पायांनी निर्मितिगृहात परत जातो आणि पुन्हा आराखडा होऊन पडून राहतो. कोणत्याही वेळी शंभरातला एकच नागरिक रस्त्यावर चालत असतो. बाकीचे स्मृतिकोशात झोपलेले असतात. मृत्यू नाही, म्हणून जन्मही नाही. शहरात लहान मूल कोणी पाहिलेलेच नाही.

हे सारे आज ज्याला यंत्रांतर म्हणतात त्याचेच एक रूप आहे, आणि ते १९५६ साली लिहिले गेले ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण कादंबरीचे महत्त्व या भाकितात नाही. ते क्लार्क यांच्या एका साध्या दृश्यात आहे. कथानायक अ‍ॅल्विन शहराबाहेर पडतो आणि लिस नावाच्या हिरव्या प्रदेशात पोहोचतो. तेथील माणसे आपल्यासारखीच जन्मतात, म्हातारी होतात आणि मरतात. तेथील तरुण हिल्वार याच्याशी अ‍ॅल्विनची मैत्री जमते. त्याचे उघडे शरीर पाहताना अ‍ॅल्विनला आपल्या देहाहून एक वेगळेपण दिसते: पोटाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा. हा कशासाठी, हे त्याला उमजत नाही. नंतर तो हिल्वारला विचारतो, तेव्हा नुसते शब्द पुरत नाहीत, आकृत्या काढून बेंबीचे प्रयोजन समजावून द्यावे लागते. क्लार्क हा प्रसंग विनोदाच्या अंगाने काही ओळींत उरकतात. माझ्या मते मात्र संपूर्ण कादंबरीचा मर्मबिंदू तोच आहे.

डायास्पारच्या माणसाकडे काय नाही? बुद्धी आहे, कला आहे, सौंदर्य आहे, स्मृती आहे, मैत्री आणि प्रणयही आहे. नाही ती नाळ. मराठीत आपण 'नाळ जुळणे', 'नाळ तुटणे' असे म्हणतो तेव्हा शरीरशास्त्र बोलत नसतो. एखाद्याचे मूळ कोठे आहे, तो कोणाचा आहे, हे सांगत असतो. जुन्या पिढीत एखाद्याची नाळ जेथे पुरली ते त्याचे गाव, अशी समजूत होती. बेंबी ही प्रत्येक माणसाच्या अंगावरची पावती आहे: तुला कोणीतरी नऊ महिने वाहिले, तू स्वतःचा स्वतः झाला नाहीस. अनाथालयात वाढलेल्या, आईचे नावही ठाऊक नसलेल्या मुलाच्या पोटावरही ती असते. डायास्पारच्या रहिवाशाला मात्र कोणाचेच देणे नाही. तो आपल्याच मागच्या आवृत्तीचा वारस आहे.

या एका अभावातून दुसरा, अधिक गंभीर अभाव येतो. निर्मितिगृहात परतण्यापूर्वी प्रत्येक नागरिक आपल्या हजार वर्षांच्या आठवणी चाळतो. कोणत्या पुढच्या आयुष्यात न्यायच्या आणि कोणत्या पुसून टाकायच्या, हे ठरवतो. अ‍ॅल्विनचा वृद्ध शिक्षक जेसरॅक या टप्प्याच्या जवळ आलेला आहे. वरकरणी हे आपल्या आत्मपरीक्षणासारखे वाटते. संध्याकाळी दिवसाचा हिशेब मांडणारा, प्रायश्चित्त संस्कारापूर्वी मनाचे कोपरे शोधणारा भाविकही आठवणी चाळतच असतो. पण दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आत्मपरीक्षण करणारा आपले पाप हुडकून काढतो ते दुसऱ्यापुढे ठेवण्यासाठी. डायास्पारचा नागरिक नको असलेली आठवण काढून टाकतो आणि तिच्याबरोबर त्या आठवणीतील माणूसही. ज्याचे आपण काही बिघडवले, तो आपल्या स्मृतीतूनच नाहीसा झाला, तर क्षमा कोणाची मागणार? अशा शहरात कोणी अपराधी उरत नाही आणि कोणाला क्षमाही मिळत नाही. क्लार्क यांनी शहराला जे साचलेपण दिले आहे, त्याची कारणे ते भीतीत आणि यंत्रणेच्या परिपूर्णतेत शोधतात. मला ते कारण येथेही दिसते.

येथे एक आक्षेप स्वतःवरच घेतला पाहिजे. अ‍ॅल्विन हाही त्याच निर्मितिगृहातून आलेला आहे. त्यालाही बेंबी नाही. फरक इतकाच, की तो पूर्वी कधीच जगलेला नाही. त्याच्यामागे एकही आयुष्य नाही. तरी बाहेर काय आहे, आपण कोठून आलो, हे प्रश्न त्यालाच छळतात. मग नाळ नसलेल्यालाही माणूसपण असू शकते, असे झाले नाही काय? होय, आणि कादंबरीचा मोठेपणा यातच आहे. अ‍ॅल्विनकडे पूर्वायुष्यांचा साठा नसल्यामुळे तो शहरात एकटाच खरा नवा आहे. त्याला वाढवणाऱ्या पालकांचा, शिकवणाऱ्या जेसरॅकचा तो ऋणी आहे, कारण त्यांनी दिले त्याशिवाय त्याच्याजवळ काहीच नाही. दत्तक मूल कुटुंबाचे होते ते याच वाटेने. म्हणून नाळ हा शब्द मी रक्ताच्या नात्यापुरता वापरत नाही. दुसऱ्याकडून मिळालेले असणे, हा त्याचा अर्थ. लिसमध्ये अ‍ॅल्विन प्रथमच लहान मुले पाहतो आणि त्यांच्याविषयी त्याच्या मनात अनोळखी माया दाटून येते. तेव्हा आपल्या शहराने अमरत्वासाठी कोणती किंमत मोजली, ते त्याला कळते.

कादंबरीच्या उत्तरार्धात क्लार्क आणखी पुढे जातात. प्राचीन साम्राज्याने देहाच्या बंधनातून सर्वस्वी मुक्त असे शुद्ध मन घडवण्याचा प्रयत्न केला होता. पहिला प्रयोग वेडा निघाला. जडसृष्टीचा द्वेष करणारे ते मन विध्वंस करीत सुटले आणि त्याला कोंडून ठेवावे लागले. दुसरा प्रयोग म्हणजे व्हॅनामोंड: अफाट सामर्थ्याचा, पण लहान मुलासारखा निष्पाप. तो एकाकी आहे, आणि माणसांच्या सहवासाला चिकटून राहतो. हा भाग कथानकाच्या दृष्टीने विस्कळीत आहे, हे मान्य केले पाहिजे. स्त्रीपात्रे फिकी आहेत. अ‍ॅल्विनवर प्रेम करणारी अ‍ॅलिस्ट्रा तर लेखकाच्याही विस्मृतीत जाते की काय असे वाटते. क्लार्क यांना माणसांपेक्षा क्षितिजांचे वेड अधिक. ते श्रद्धावंत नव्हते. २००८ साली श्रीलंकेत त्यांचे निधन झाले, तेव्हा आपल्या अंत्यविधीत कोणत्याही धर्माचे विधी नकोत, अशी त्यांची लेखी इच्छा होती. अशा लेखकाच्या कल्पनेनेही देहविरहित मनाला प्रथम वेडे केले आणि नंतर सोबतीसाठी आसुसलेले मूल केले, ही गोष्ट मला कोणत्याही धर्मोपदेशापेक्षा बोलकी वाटते.

३

ईगन यांची 'पर्म्युटेशन सिटी' ही क्लार्क यांच्या काव्यात्म दूरत्वापासून फार वेगळी आहे. येथे काळ एकविसाव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे आपल्या नातवंडांचा आहे. श्रीमंत माणसे मरणापूर्वी आपल्या मेंदूची छबी काढून घेतात आणि संगणकात 'प्रत' म्हणून जगतात. प्रारंभीच पॉल डरॅम नावाच्या माणसाची प्रत जागी होते, आपण मूळ माणूस नसून प्रत आहोत हे तिला उमगते आणि तिला स्वतःला संपवायचे असते; पण तिच्या निर्मात्याने, म्हणजे खुद्द डरॅमनेच, ती वाट आधीच बंद करून ठेवलेली असते. प्रती बहुधा जगू इच्छीत नाहीत, या निरीक्षणापासून सुरू होणारी अमरत्वाची कादंबरी मला दुसरी माहीत नाही.

ईगन यांचे दोन गुण येथे नोंदवले पाहिजेत. पहिला म्हणजे अर्थव्यवहाराचे त्यांचे भान. प्रत जगते ती संगणकाच्या शक्तीवर, आणि ती शक्ती बाजारात विकली जाते. ज्याच्याजवळ पैसा कमी त्याची प्रत मंद गतीने चालते. बाहेरच्या जगात दिवस सरतो, तेव्हा तिचा जेमतेम काही काळ गेलेला असतो. नातलग आपले आयुष्य जगून पुढे निघून जातात आणि ती मागे पडते. त्याच संगणकशक्तीला दुसरेही एक गिऱ्हाईक आहे: विनाशकारी वादळांना वळवण्याची योजना. म्हणजे मृत धनिकांचे विचार चालू ठेवायचे, की किनाऱ्यावरच्या जिवंत माणसांवर येणारे वादळ अडवायचे, याचा निर्णय लिलावात होतो. लेखक यावर भाष्य करीत नाही. पण समुद्रकाठी राहणाऱ्या आपल्या वाचकाला ते वेगळे सांगावे लागू नये. यंत्रांतराच्या साऱ्या चर्चेत 'हे कोणाला मिळणार आणि कोणाच्या वाट्याचे मिळणार' हा प्रश्न इतक्या थेटपणे फार थोड्यांनी विचारला आहे.

दुसरा गुण म्हणजे थॉमस रीमन या पात्राची निर्मिती. हा जर्मन बँकर तरुणपणी आपल्या प्रेयसीच्या, अ‍ॅनाच्या, मृत्यूला कारण झालेला आहे. ती गोष्ट त्याने जन्मभर लपवली. आता तो मेला आहे. त्याची प्रत जगते आहे आणि अपराधाची टोचणीही प्रतीबरोबर उतरली आहे. ज्या जगात मनातले हवे ते बदलता येते, त्याच जगात हा माणूस त्या एका रात्रीपासून सुटू शकत नाही. पुढे त्याची एक आवृत्ती त्याच अपराधाच्या आवर्तनात अडकून पडते. क्लार्क यांच्या शहरात अपराध पुसला जातो, ईगन यांच्या संगणकात तो अनंत काळ फिरत राहतो. या दोन टोकांच्या मध्ये जे असावयास हवे, ते दोन्ही लेखकांकडे नाही: समोर उभे राहून 'तुला क्षमा केली' असे म्हणणारा कोणी दुसरा. रीमनला अनंतकाळ मिळाला, पण त्या काळात अ‍ॅना नाही. आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेलाही कोणी नाही. नरकाची कल्पना मांडण्याचा ईगन यांचा हेतू नसावा. तरीही आधुनिक साहित्यातील नरकाच्या चित्रांत या चित्राला स्थान द्यावे लागेल.

पीअर नावाची दुसरी प्रत याच्या नेमकी उलट आहे. अनंत काळ कंटाळा येऊ नये म्हणून तो आपल्या आवडीनिवडी यंत्राकरवी बदलून घेतो. एका काळात त्याला लाकूड कातून मेजाचे पाय बनवण्याचा ध्यास लागतो आणि तो असे हजारो पाय बनवतो. मग एक दिवस तो ध्यास जातो आणि दुसरा येतो. आपल्या गावातील सुतार मेजाचा पाय कातीत असतो, तेव्हा ते मेज कोणाच्या तरी घरी जायचे असते. पीअरचे पाय कोणत्याच मेजाला लागत नाहीत. समाधान तेच, एकाग्रता तीच. फक्त ज्याच्यासाठी काम करायचे तो माणूस नाही. श्रमाचा अर्थ कोठे असतो, हे या विपरीत दृष्टान्ताने जितके स्पष्ट होते तितके प्रबंधांनी होत नाही.

या कादंबरीतील मारिया ही मात्र अजून हाडामांसाची आहे. तिची आई फ्रान्चेस्का मृत्युशय्येवर आहे. तिची छबी काढून घेण्याइतका पैसा मिळवावा म्हणून मारिया डरॅमचे विचित्र काम स्वीकारते. आईला मात्र त्या उपायाची ओढ नाही. मुलीला आईला हरवायचे नाही आणि आईला अशा रीतीने उरायचे नाही, हा तिढा कादंबरीचा खरा मानवी गाभा होऊ शकला असता. ईगन तेथे फार थांबत नाहीत. त्यांना विश्वाच्या गणिती रचनेचे सिद्धान्त खुणावतात, आणि उत्तरार्धात पात्रे त्या सिद्धान्तांची वाहने होतात. बुद्धीला या कादंबरीने जे दिले ते मोठे आहे; मनावर ठसा राहतो तो मात्र रीमनचा आणि या मायलेकींचा.

४

या दोन्ही कादंबऱ्यांमागे एक जुने तत्त्वज्ञान उभे आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक कल्पना मांडली: एखाद्या राजपुत्राची जाणीव आणि स्मृती चांभाराच्या देहात गेली, तर व्यक्ती म्हणून तो कोण? लॉक यांचे उत्तर असे, की तो राजपुत्रच. कारण व्यक्तीची ओळख देहात नसून जाणिवेत असते. यंत्रांतराचा सारा इमला या पायावर उभा आहे. चांभाराच्या जागी संगणक ठेवला, एवढेच.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची कथा प्रसिद्ध आहे. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीने कामशास्त्राविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आद्य शंकराचार्यांनी मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला, अशी ती आख्यायिका. तिच्यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. ज्ञानाच्या शिखरावर असलेल्या संन्याशालाही जे कळण्यासाठी देह लागतो असे काही आहे, हे कथेने मान्य केले आहे. आणि गुरू दुसऱ्या देहात असताना शिष्य त्यांच्या मूळ देहाची गुहेत राखण करीत बसतात. मोराव्हेक यांच्या मेजावरील प्रेताजवळ असा एकही शिष्य बसलेला नाही.

ख्रिस्ती विचारही या बाबतीत अनेक वाचकांना वाटतो तितका देहविन्मुख नाही. देह हा तुरुंग आणि आत्मा हा कैदी, ही कल्पना प्लेटोच्या परंपरेची आहे. आपल्या प्रवचनांत ती अधूनमधून डोकावते हे खरे. परंतु संत थॉमस अक्विनास यांनी तिला ठाम नकार दिला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावरील भाष्यात त्यांनी म्हटल्याचा आशय असा, की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. केवळ आत्म्याचे तारण झाले तर माझे तारण झाले असे म्हणता येणार नाही. तेराव्या शतकातील या विधानात यंत्रांतराच्या कल्पनेवरची सर्वांत समर्पक टीका आहे. श्रद्धांगीकारात आपण आत्म्याच्या अमरत्वाची नव्हे, देहाच्या पुनरुत्थानाची आशा उच्चारतो, ते याचसाठी. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत अवतरले, तेव्हाही केंद्रस्थानी होता तो आईच्या उदरातून आलेला देव. शब्द देही झाला, म्हणजे त्यालाही नाळ होती. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अँटिक्वा एट नोव्हा' हे निवेदन प्रसिद्ध केले. मानवी बुद्धी ही देह असलेल्या, नात्यांत जगणाऱ्या व्यक्तीची बुद्धी आहे, हा त्यातील विचार याच परंपरेतला आहे.

पण श्रद्धावंताने येथे विजयी मुद्रेने थांबू नये. यंत्रांतरवादी त्याला उलट विचारू शकतो: 'तुमचाही देह मातीत विरघळतोच ना? मग शेवटच्या दिवशी जो उठणार, तो तुम्हीच कशावरून? तोही एक प्रतच नव्हे काय?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. केंब्रिजचे पदार्थवैज्ञानिक आणि अँग्लिकन धर्मगुरू जॉन पोल्किंगहॉर्न (१९३०–२०२१) यांनी तर आत्म्याला एक गुंतागुंतीचा, माहिती वाहणारा आकृतिबंध मानले. मृत्यूनंतर तो ईश्वराच्या स्मृतीत राहतो आणि ईश्वर त्याला पुन्हा देह देतो, असे त्यांचे प्रतिपादन. शब्दरचनेत हे डायास्पारच्या स्मृतिकोशाच्या फार जवळ आहे.

तरी भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. स्मृतिकोश एका आराखड्याच्या दहा प्रती काढू शकतो. ईगन यांच्या कादंबरीत तसे घडतेही, आणि मग खरा रीमन कोणता हा प्रश्न निरर्थक होतो. नावाने हाक मारणारा मात्र दहा जणांना एका नावाने हाक मारीत नाही. ज्याला आपण ओळखतो त्याची आठवण आणि ज्याची नोंद आपण ठेवतो त्याची माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला आपले मूल 'आठवते' ते त्याच्या गुणदोषांची यादी तिच्याजवळ असते म्हणून नव्हे; स्मृतिभ्रंशाने मूल बदलले, स्वतःचे नाव विसरले, तरी ते तिचेच असते. आकृतिबंधाचे तत्त्वज्ञान काटेकोरपणे लावले, तर असा विसराळू झालेला माणूस अर्धामुर्धाच उरतो. पुनरुत्थानाची आशा आपल्या स्मृतीच्या पूर्णतेवर टेकलेली नाही, आपल्याला न विसरणाऱ्यावर टेकलेली आहे. ती सिद्ध करता येत नाही; पण ती यंत्रांतराची जुनी आवृत्ती नव्हे, एवढे निश्चित म्हणता येते. माझे स्वतःचे मत असे, की पोल्किंगहॉर्न यांनी 'माहिती' हा शब्द विज्ञानाशी संवाद राखण्यासाठी घेतला, पण त्यांच्या विचाराचा भार 'ईश्वराच्या स्मृती'वरच होता.

५

हा सारा ऊहापोह कोणाला दूरच्या काळाचा वाटेल. तसे नाही. संपूर्ण मनाचे यंत्रांतर दूर असले, तरी त्याची एक स्वस्त सावली आपल्या दारात आली आहे. २०२० साली दक्षिण कोरियातील एका दूरचित्रवाणी माहितीपटात, आजाराने मुलगी गमावलेल्या आईला डोळ्यांवर उपकरण चढवून त्या मुलीच्या संगणकनिर्मित प्रतिमेला भेटवण्यात आले. आई हात पुढे करते आणि हाताला काही लागत नाही. मृताचे संदेश, पत्रे आणि ध्वनिफिती यांवरून त्याच्या शैलीत बोलणारे संगणक-संभाषक त्यानंतर वेगाने सुधारले आहेत. आज ना उद्या आपल्याही घरात कोणी म्हणेल: बाबांचा आवाज आहे, त्यांचे संदेश आहेत, त्यांना बोलते करू या.

त्या आईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुःखात माणूस छायाचित्राशीही बोलतो. परंतु छायाचित्र उत्तर देत नाही, म्हणून ते खोटे बोलत नाही. उत्तर देणाऱ्या प्रतिमेशी आपण भांडू, क्षमा मागू, आणि ती क्षमा करीलही. कारण क्षमा करणे तिला अवघड नाही. तिचे काहीच गेलेले नाही. रीमनच्या यातनेला सर्वांत सोपा इलाज म्हणजे 'क्षमा केली' म्हणणारी एक कृत्रिम अ‍ॅना. ईगन यांनी ती लिहिली नाही, हे त्यांच्या साहित्यिक प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. बाजार तितका प्रामाणिक राहील, याची हमी कोण देणार?

दर २ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. तेथे कोणी उत्तर देत नाही. तेथे आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, म्हणजे ते आता आपल्या हातात नाहीत हे मान्य करतो. पूर्वी त्यांनी आपल्याला सांभाळले. आता त्यांना सांभाळणारा दुसरा आहे. थडग्याखालच्या त्या मातीला आपण कोणाची तरी माती मानतो. मोराव्हेक यांच्या मेजावरच्या देहाला मात्र हे भाग्य लाभत नाही.

मृत्यूच्या भयावर उपाय शोधणे हे पाप नव्हे. वैद्यकशास्त्राचा जन्म त्यातूनच झाला. मेंदूत बसवलेल्या उपकरणामुळे उद्या अर्धांगवायूच्या रुग्णाला पुन्हा बोलता आले, तर त्याचा आनंदच मानावा. विरोध यंत्राला नाही. देह म्हणजे टाकून देण्याचे वेष्टन, या विचाराला आहे. 'द सिटी अँड द स्टार्स' आणि 'पर्म्युटेशन सिटी' या कादंबऱ्या त्या विचाराच्या पोटात शिरून तो आतून तपासतात, म्हणून त्या वाचल्या पाहिजेत. दोन्ही लेखक अश्रद्ध आहेत आणि आपल्या बाजूने साक्ष द्यावी असा त्यांचा मुळीच हेतू नाही. तरीही क्लार्क यांच्या अ‍ॅल्विनला हिल्वारच्या पोटावरचा तो खळगा समजावून घ्यावा लागला, आणि ईगन यांच्या फ्रान्चेस्काला आपली प्रत होऊन मुलीजवळ राहण्याचा मोह झाला नाही. मराठीत या विषयावर कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुण लेखकाने संगणकाचे तंत्र जरूर शिकावे. पण प्रारंभ करावा तो आईला गमावू न इच्छिणाऱ्या मुलीपासून आणि जाण्याची तयारी झालेल्या आईपासून. ईगन यांनी जेथून फार लवकर पाय काढला, ती जागा अजून मोकळी आहे.